वर्तमानपत्राचा उतारा

जमीन घेताना शेतकरी आधी उतारा पाहतो. खातेदार कोण, बोजा कोणाचा, हे कळल्यावाचून तो इसार देत नाही. रापण ओढण्यापूर्वी जाळे कोणाचे आणि वाटा किती, हे मच्छीमार विचारून घेतो. पण रोज सकाळी जे वर्तमानपत्र आपल्या घरात येते, त्याचा मालक कोण, हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

बेळगावचा ‘तरुण भारत’ बाबुराव ठाकूर यांनी १९१९ साली काढला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातले गेले. तेव्हापासून सीमाभागातील मराठी माणसाचे गाऱ्हाणे हे पत्र छापत आले. ते ठाकूर घराण्याकडेच राहिले, गोव्यातही पोचले.

पुण्याच्या ‘सकाळ’चे निराळे झाले. नानासाहेब परुळेकरांनी तो १९३२ साली काढला. किमतीनुसार पाने ठरवून देणाऱ्या सरकारी हुकुमाविरुद्ध तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६१ साली जिंकला. १९७३ साली परुळेकर वारले. १९८५ साली कंपनी पवार कुटुंबाच्या ताब्यात गेली. पत्र बुडाले नाही, उलट वाढले. पण नाव तेच राहून खातेदार बदलला, हे विसरू नये.

गोव्यात ‘गोमन्तक’ १९६२ साली चौगुल्यांनी काढला. ते खाणमालक. खाणीच्या गाळाने ज्याचे शेत भरले, त्याला एवढे ठाऊक असलेले बरे.

मालक असणे हा गुन्हा नव्हे. कागद, शाई, पगार फुकट येत नाहीत. पण मालकी झाकलेली नको. १९५६ च्या नियमांनी दर वर्षी फेब्रुवारी संपल्यावर पहिल्या अंकात मालकाचे आणि एक टक्क्याहून अधिक भांडवल असणाऱ्यांचे नाव छापणे बंधनकारक केले. तो ‘नमुना चार’ म्हणजेच वर्तमानपत्राचा उतारा. बारीक टाइपात तो छापला जाई. आपण त्यात भजी बांधून नेली! १ मार्च २०२४ पासून नवा नोंदणी कायदा लागू झाला. कायदा बदलला, तरी विचारण्याचा हक्क वाचकाचाच.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. कोर्टात वकील बोलतील; गावात वर्तमानपत्रच बोलेल. सीमाभागातील एखाद्या मराठी पत्राचे भाग उद्या परक्या हाती गेले, तर ते वाचकाला कळणार कसे? म्हणून बांधवांनो, बातमी वाचाच. पण कोणाच्या शेतात पिकली तेही पाहा.