आधी बापाने विडी टाकावी

पालकहो, मिसरूड फुटू लागलेला मुलगा गोठ्यामागे विडी ओढताना सापडला, की आपल्याकडे ठरलेला उपाय म्हणजे कानाखाली एक. आमच्या मते हा उपाय नव्हे. माराने विडी सुटत नाही. ती गोठ्यामागून ओढ्याकाठी जाते, आणि मुलगा खोटे बोलायला शिकतो तो तोटा वेगळाच.

निपाणी भागातल्या शेतकऱ्याला तंबाखूचे विष समजावून सांगावे लागू नये. दवाने भिजलेल्या पानांत काम केले की मळमळते, डोके गरगरते. पानातले निकोटिन कातडीतून अंगात भिनते, त्याचा हा परिणाम. पहिल्या झुरक्याला मुलालाही असेच गरगरते. पण पुढे शरीर सरावते आणि तेच विष मागू लागते. कोवळ्या वयात ही मागणी लवकर जडते. विडी पानाची म्हणून सिगारेटपेक्षा बरी, हाही भ्रम आहे. टेंभुर्णीचे पान नीट जळत नाही, म्हणून विडी वारंवार व जोराने ओढावी लागते.

"आम्हीच तंबाखू पिकवतो, मग मुलाला कोणत्या तोंडाने सांगावे?" असे काही जण विचारतात. फवारणीचे औषधही आपण वापरतो, पण ते मुलांच्या हाती लागू देत नाही. पीक बदलणे एका हंगामाचे काम नव्हे. घरातली विडी थांबवणे मात्र आपल्या हाती आहे.

"जा रे, बंडल घेऊन ये," असे मुलाला आपणच धाडतो. कर्नाटकात २०२५ पासून २१ वर्षांखालील कोणालाही तंबाखूचा माल विकण्यास कायद्याने बंदी आहे. पण दुकानदाराला दोष देण्याआधी मुलाला धाडले कोणी, हे पाहावे. मिस्सा सुटताच फाटकाबाहेर पेटणाऱ्या विड्याही मुले पाहतातच.

म्हणून आमचे म्हणणे असे, की ओढणाऱ्या बापाने व मुलाने एकाच दिवशी विडी सोडावी. सुगीची घाई नसलेला दिवस ठरवावा. आदल्या रात्री बंडले घरातून काढावीत. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही, भूक वाढते. दोन ते चार आठवड्यांत हे बरेच ओसरते. तल्लफ सहसा काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, गुरांना पाणी दाखवून यावे. विडीऐवजी तंबाखू मळू लागला तर मात्र सुटले काहीच नाही. मध्येच एकदा ओढली गेली, तर रागावू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. सल्ल्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत दूरध्वनी आहे.

बाप स्वतः तळमळत असताना मुलाला धीर देतो, तेव्हा त्याचा शब्द मुलाला पटतो. ओढत ओढत केलेला उपदेश तो ऐकत नाही.