शॉर्ट सर्किट म्हणजे दैव नव्हे!

मंडळी, कारखान्याला आग लागली की दुसऱ्या दिवशी पेपरात एक वाक्य ठरलेले असते: आग शॉर्ट सर्किटमुळे लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे. १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ८ माणसे गेली, तेव्हाही हेच वाचले. आपण हळहळतो आणि पान उलटतो. जणू शॉर्ट सर्किट म्हणजे आकाशातून पडणारी वीजच!

मी जन्मभर मराठी शिकवले, वायरमनगिरी केली नाही. पण शब्दाआड कोण लपतो ते मला कळते. या शब्दाआड जबाबदारी लपते.

वायर एका रात्रीत खराब होत नाही. जुन्या शेडमध्ये वायरीवरचे रबर उष्णतेने कडक होते, तडकते. मागांच्या हादऱ्याने बोर्डातला स्क्रू ढिला होतो, जोड तापतो, आणि तिथेच कापसाचे तंतू साचतात. फ्यूज सारखा उडतो म्हणून कोणीतरी त्यात जाड तार घालतो. मग फ्यूज उडत नाही, वायर जळते!

यातले बरेचसे आधी कळू शकते. मेगर नावाचे हातात मावणारे यंत्र असते. वीज बंद करून वायर आणि अर्थ यांच्यामध्ये ५०० व्होल्ट एक मिनिट द्यायचे. रोध निदान १ मेगओहम भरला पाहिजे. अर्थिंग तपासायचे ते उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना. पावसाळ्यात ओल्या मातीत वाईट अर्थिंगसुद्धा पास होते.

पण पुष्कळ ठिकाणी होते काय? रजिस्टर उघडायचे, मागचे आकडे उतरवायचे, सही ठोकायची. परीक्षा न घेताच प्रगतिपुस्तक भरण्यातला प्रकार! शाळेत असे झाले तर पोराचे वर्ष वाया जाते. इथे माणूस जातो.

मालक म्हणतात, धंद्यात मंदी आहे, टेस्टिंगसाठी माग बंद ठेवणे परवडत नाही. मंदी खरी आहे, नाकारत नाही. पण आठवड्याच्या सुट्टीला माग बंदच असतात ना? आणि आग मालक-कामगार असा भेद करत नाही. सोलापूरच्या मृतांत कारखान्याचे मालकही होते.

माझी मागणी साधी आहे. टेस्टचे आकडे, तारीख आणि करणाऱ्याचे नाव शेडच्या दारावर मराठीत लावा, कामगाराला वाचता येईल असे. आणि पुढच्या वेळी ‘शॉर्ट सर्किट’ वाचलेत, तर वाचकहो, तिथे थांबू नका. एवढेच विचारा: शेवटची टेस्ट कधी झाली होती, आणि खरोखर झाली होती का?