न घेतलेले भाडे

सेवाभावी संस्थेला आपला फ्लॅट विनामूल्य वापरायला देणाऱ्यांची मार्च महिन्यातली तक्रार ठरलेली असते. महिना तीस हजार भाडे सहज आले असते, ते मी सोडले. म्हणजे वर्षाला 3,60,000 रुपयांचे दानच झाले. मग 80जी कलमाखाली त्याची वजावट का नाही? दहा हजारांचा चेक देणाऱ्याला रीतसर पावती, आणि मला आभाराचे पत्र आणि वर्धापनदिनी शाल-श्रीफळ!

अशा माणसांबद्दल मला आदर आहे. मागणी मात्र चुकीची आहे, आणि तिच्या गलबल्यात त्यांच्यावरचा खरा अन्याय झाकला जातो.

कायद्याचे म्हणणे आधी पाहू. 80जीची वजावट फक्त पैशाच्या रूपातल्या देणगीला आहे. श्रीराम वर्मा खटल्यात तर शेअर दान दिले होते, तरीही सर्वोच्च न्यायालयाने वजावट नाकारली. शेअरचा भाव रोज छापून येतो. त्यालाही जे मिळाले नाही, ते घराच्या नुसत्या वापराला कुठून मिळणार? अमेरिकेतल्या कायद्यानेही 1969च्या सुधारणेपासून मालमत्तेच्या फुकट वापराला वजावट नाकारली आहे.

पण कायदा म्हणतो म्हणून ते न्याय्यच असते, असे नाही. तेव्हा कायदा बाजूला ठेवून नुसता हिशेब करू. वजावट उत्पन्नातून होते. जे भाडे उत्पन्नात धरलेच गेले नाही, ते त्यातून वजा कसे करणार? आठवड्यातला एक दिवस गरिबांना फुकट तपासणारा डॉक्टर त्या दिवशीची न घेतलेली फी उरलेल्या सहा दिवसांच्या कमाईतून वजा करत नाही. फी घेतली नाही, तिच्यावर कर लागला नाही, विषय संपला. घरमालकाला मात्र भाड्यावरचा करही टाळायचा आहे आणि शिवाय पगारावरचा करही कमी करून हवा आहे. दान एक आणि सवलती दोन, हे काही बरोबर नव्हे. आणि न घेतलेल्या भाड्याचा आकडा ठरवणार कोण? तो मालकानेच सांगायचा म्हटले, तर मार्चअखेरीस प्रत्येक खोली समुद्राकडे तोंड करून उभी राहील.

इथवर खंडन झाले. पण या युक्तिवादाचा सगळा भार एका वाक्यावर आहे: भाडे घेतले नाही, म्हणून त्यावर कर लागला नाही. हे वाक्य सरकारनेही पाळायला हवे, आणि ते नेमके इथेच पाळले जात नाही.

घराच्या उत्पन्नावरचा कर मिळालेल्या भाड्यापुरता थांबत नाही, तो घराला मिळू शकणाऱ्या भाड्यावरही बसतो. 2019पासून स्वतः राहण्याच्या दोन घरांचे वार्षिक मूल्य, म्हणजे हे मिळू शकणारे भाडे, शून्य धरता येते. 2025च्या अर्थसंकल्पाने ही अट आणखी सैल केली: मालक स्वतः राहत असो की कोणत्याही कारणाने राहू शकत नसो, मूल्य शून्यच. घर भाड्याने दिलेले नसावे आणि त्यातून दुसरा लाभ घेतलेला नसावा, एवढेच. माझ्या वाचनाप्रमाणे संस्थेला फुकट दिलेले दुसरे घर यात बसायला हरकत नाही. तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणांना इथेच थांबता येईल.

अडचण तिसऱ्या घराची. समजा, वडिलांच्या माघारी वाट्याला आलेला तळमजल्यावरचा वन-बीएचके, संस्थेच्या रुग्णसाहित्य केंद्राला फुकट दिलेला. हॉलमध्ये घडी घातलेले वॉकर, बेडरूममध्ये फाउलर कॉट, मागच्या गॅलरीत धुऊन उलट्या घातलेल्या कमोडच्या खुर्च्या. दाराशी टेबलावर वही: नाव, अनामत, परतीची तारीख. मालकाला यातून दमडी मिळत नाही. तरी त्याच्या रिटर्नमध्ये 3,60,000 रुपये भाडे धरले जाणार. 30 टक्के प्रमाणित वजावट जाऊन उरले 2,52,000. वरच्या टप्प्यातल्या माणसाला त्यावर उपकरासह 78,624 रुपये कर, तोही खिशातून, कारण भाडे आलेलेच नाही.

आता दुसरा मालक घ्या. तो संस्थेकडून भाडे घेतो आणि तेवढ्याच रकमेचा चेक संस्थेला देणगी म्हणून परत करतो. जुनी करप्रणाली, 50 टक्के वजावटीची संस्था आणि उत्पन्न चाळीस लाख, म्हणजे देणगीच्या वजावटीवरची उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आड येत नाही, असे धरू. त्याची 1,80,000 वजावट जाऊन करपात्र उरतात 72,000. कर 22,464. संस्थेला दोघांकडूनही तेच मिळाले, पण सरळ हाताने दिले त्याला 56,160 रुपयांचा भुर्दंड. हा मार्ग सुचवणारा सीए लबाड नाही, त्याने फक्त कायदा नीट वाचला आहे. नव्या प्रणालीत ही देणगीची वजावटच नाही, त्यामुळे तिथे दोघेही सारखेच भरडले जातात.

यावर ठरलेले उत्तर येते: हा कर उत्पन्नावर नाही, घराच्या उत्पन्नक्षमतेवर आहे. मान्य. श्रीमंताने चार घरे कुलूप लावून अडवून ठेवू नयेत, म्हणून तो योग्यही आहे. पण रुग्णसाहित्य केंद्राचे घर अडवलेले नसते, ते वापरात असते. कुलूप लावलेले तिसरे घर आणि हे घर कायद्याच्या लेखी सारखेच, यात मला कुठलाही शहाणपणा दिसत नाही.

वापर पाहून कर ठरवणे हे काही नवे खूळ नव्हे. मुंबई महापालिकेच्या 1888च्या कायद्यातले कलम 143 सार्वजनिक धर्मादाय कामासाठीच वापरल्या जाणाऱ्या जागेला सर्वसाधारण करातून वगळते, आणि तेही इमारतीच्या तेवढ्या भागापुरते. जे इंग्रजांच्या राज्यातल्या नगरपालिकेच्या कायद्याला सुचले, ते प्राप्तिकराला अजून सुचलेले नाही. 1961चा कायदा जाऊन 2025चा आला, कलमांचे आकडे बदलले, पण ही गोष्ट जिथल्या तिथे आहे.

गैरवापर होईल ही भीती खरी आहे. घर कौटुंबिक ट्रस्टला द्यायचे आणि आत मुलाचा संसार थाटायचा, हे आपल्याकडे व्हायला वेळ लागणार नाही. म्हणून अटी हव्यात: संस्था प्राप्तिकर खात्याकडे नोंदलेली, करार लेखी, मालकाचे किंवा नातेवाइकाचे वास्तव्य नाही, आणि मूल्य शून्य फक्त वापराच्या महिन्यांपुरते. तपासणीला नवे खातेही लागणार नाही. देणग्यांचे वार्षिक विवरण या संस्था 31 मेपर्यंत भरतातच, देणगीदारांच्या पॅनसकट. त्यात फुकट मिळालेल्या जागेसाठी एक रकाना वाढवायचा आणि मालकाच्या रिटर्नशी पडताळायचा. अर्थमंत्र्यांना निवेदन द्यायचेच असेल, तर ते या रकान्यासाठी द्यावे.