ड्रायरची खोटी साक्ष

आषाढ लागला की मुंबईच्या सदनिकेत कपडे वाळविणे हा एक स्वतंत्र प्रश्न होऊन बसतो. दोऱ्या भरलेल्या असतात, हवा ओलीच असते आणि तीन दिवसांनंतरही टॉवेलचा कुबट वास जात नाही. अशा दिवसांत ज्या घरी ड्रायर आहे तेथे तो दिवसातून दोनदा चालतो, आणि बिघडायचा तर नेमका तेव्हाच बिघडतो.

एका व्यापारी कुटुंबात असेच घडले. ड्रम व्यवस्थित फिरत होता, परंतु कपडे ओलेच बाहेर येत. आलेल्या कारागिराने यंत्र न उघडताच सर्किट बोर्ड बदलावा लागेल असे सांगितले. नवा बोर्ड त्याच्या पिशवीत तयारच होता. किंमत ऐकून घरातील वडीलधारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "भाऊ, आधी मोजून दाखवा, मग बदला."

ड्रममधून हवा बाहेर पडते त्या मार्गावर बहुधा एक छोटा सेन्सर बसविलेला असतो. त्याला थर्मिस्टर म्हणतात. तो स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. तापमान वाढले की त्याचा विद्युत्-रोध घटतो, आणि त्या आकड्यावरून बोर्ड हीटर चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवितो. रोध वाजवीपेक्षा कमी झाला तर थंड हवाही बोर्डाला तापलेली भासते. हीटर लवकर बंद होतो व कपडे ओले राहतात. रोध वाढला तर उलट घडते आणि कपडे करपण्याची भीती उत्पन्न होते. तराजूच खोटा असेल तर तोलणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग?

मात्र ओल्या कपड्यांचे कारण प्रत्येक वेळी सेन्सरच असते असे नाही. गाळणीवर साचलेला धाग्यांचा भुसा, हवेची दबलेली नळी, ड्रममध्ये कोंबलेले कपडे, ही कारणे अधिक सामान्य आहेत आणि त्यांना खर्चही नाही. या घरी ती आधीच तपासून झाली होती.

मग कारागिराने प्लग काढला, यंत्र पूर्ण थंड होऊ दिले आणि मागचे पत्र्याचे झाकण उघडले. सेन्सरचा कनेक्टर सोडविणे आवश्यक असते, कारण तो जोडलेला असताना मल्टिमीटर बोर्डाचाही रोध मोजतो व आकडा फसवा येतो. मीटर 20 किलोओहमवर ठेवून त्याने टोके लावली. पुष्कळ ड्रायरमध्ये हा सेन्सर 25 अंशांना 10 किलोओहमचा असतो. काहींत 5, 12 किंवा 20 चा, म्हणून यंत्राच्या तांत्रिक पत्रकातील आकडा पाहणे इष्ट. येथे तो 10 चा होता. पण मुंबईच्या खोलीत पारा 25 वर कुठला थांबायला! 30 अंशांना अशा सेन्सरचा रोध साधारण 8 किलोओहम असतो. केवळ 10 दिसत नाहीत म्हणून चांगला सेन्सर फेकून देणारेही असतात.

या घरी मीटरने 3 दाखविले. कनेक्टर पुसून, सेन्सरच्याच टोकांवर पुन्हा मोजले, तरी 3. म्हणजे 30 अंशांच्या खोलीत बसून सेन्सर जवळपास 55 अंशांची वार्ता देत होता. खात्रीसाठी केस वाळविण्याच्या यंत्राने त्यावर थोडी ऊब दिली. निरोगी सेन्सरचा आकडा अशा वेळी संथपणे उतरत जातो. याचा आकडा उड्या मारू लागला. ही दुसरी कसोटी फार मोलाची, कारण काही सेन्सर थंडपणी बरोबर बोलतात आणि तापल्यावर भरकटतात.

हीटरजवळचा सुरक्षा फ्यूज सुदैवाने शाबूत होता. तो उडालेला असता तर तार जोडून काम भागविणे म्हणजे घराला आग लावण्याची सोय करणे. उडालेला फ्यूज त्याच क्षमतेचा नवाच बसवावा, आणि तो का उडाला तेही शोधावे.

दुसऱ्या दिवशी तसाच 10 किलोओहमचा सेन्सर आणून बसविला. चार ओले टॉवेल ड्रममध्ये घालून यंत्र चालू केले, आणि वीस मिनिटांनंतरही नळीतून गरम वाफ येतच होती. नवा बोर्ड कारागिराच्या पिशवीत, खोक्यातून बाहेर न निघता, तसाच परत गेला.