प्रोजेक्ट परीक्षेपुरता नको, पावसाळाभर टिकणारा हवा

पोरगा-पोरगी इंजिनिअरिंगच्या किंवा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला गेली की घरी निरोप येतो, प्रोजेक्टसाठी पैसे पाठवा. कापसाच्या चुकाऱ्यातून ते जातात. शहरात तयार प्रोजेक्ट विकणारी दुकाने आहेत. तिथून एक पेटी येते, परीक्षकापुढे दिवा लागतो, मार्क मिळतात आणि पेटी माळ्यावर जाते. नाव मात्र ‘स्मार्ट शेती’! त्यातली एक तार कुठून कुठे जाते हे पोराला सांगता येत नाही. दुसऱ्याच्या वावरातला माल आपल्या खळ्यात दाखवण्यातलाच हा प्रकार आहे.

मायक्रोकंट्रोलरमध्ये जादू काही नाही. एका लहानशा चिपमध्ये हिशेब करणारा भाग, थोडी स्मरणाची जागा आणि बाहेरच्या तारा जोडायला पाय, एवढेच. आर्डुइनो हा बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावी विद्यार्थ्यांसाठीच तयार झाला. त्याच्या ‘ऊनो’ नमुन्यातल्या चिपमध्ये प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट आणि चालू हिशेबासाठी अवघे २ किलोबाइट असतात. एक काम नीट करायला तेवढे पुष्कळ आहे. पण पहिल्याच प्रोजेक्टमध्ये ओलावा, तापमान, मोटार, मोबाइल असे सारे कोंबले, तर बिघाड नेमका कुठे झाला हे सापडत नाही. मग दुकान गाठावे लागते.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे : एकच गोष्ट मोजा, आणि ती आपल्या बापाच्या कामाची असू द्या. पाऊस मोजा.

पाऊस का? २०१७ पासून महावेध प्रकल्पात महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. अतिवृष्टी ठरवताना चोवीस तासांत ६५ मिलिमीटर हा निकष मंडळाच्या नोंदीवरून लावला गेला. पाऊस मात्र मंडळ पाहून पडत नाही. एका शिवारात तास बुडतात, शेजारच्या गावात धूळ उडते. पेरणीचेही तसेच. ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय कपाशी पेरू नका, असे कृषी विभाग सांगत आला. पण आपल्या वावरात किती पडला हे सांगणार कोण? अंदाज चुकला की दुबार पेरणी आणि बियाण्याची दुसरी उधारी.

यंत्र साधे आहे. वर नरसाळे, खाली तराजूसारखी झुलणारी दोन कप्प्यांची छोटी बादली. ०.२ मिलिमीटर पावसाचे पाणी भरले की ती उलटते, तिच्यावरचे लोहचुंबक एका स्विचसमोरून जाते आणि चिप एक आकडा वाढवते.

खरी विद्या याच्या पुढे आहे. स्विच जुळताना थरथरतो आणि चिप एकाचे तीन मोजते. म्हणून एकदा मोजल्यावर क्षणाचा काही भाग थांबायला प्रोग्राममध्ये सांगावे लागते. वीज गेली की चालू आकडा पुसतो, म्हणून तो चिपच्या कायम स्मरणात लिहावा. तिथे एका जागी एक लाख वेळा लिहिण्याची हमी असते. एक लाख नोंदी म्हणजे २०,००० मिलिमीटर पाऊस. कोरडवाहू मुलखात एवढा पडायला पंचवीस वर्षे लागतील! नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर पूर्ण बोर्ड एक दिवसही धड चालत नाही. तेव्हा नुसती चिप वापरून तिला झोपवावे आणि बादली उलटली की जागे करावे.

मोटार चालू-बंद करण्याचा मोह पहिल्या खेपेला टाळा. चिपच्या पायातून २० मिलिअँपिअरच्या आसपासच प्रवाह घ्यावा. लहान रिलेलाही साधारण ७० लागतो, मध्ये ट्रान्झिस्टर आणि डायोड घालावा लागतो. आणि पलीकडे थ्री-फेज वीज असते. तिथली चूक जिवावर बेतते.

तपासणी स्वतः करा. नरसाळ्याचे तोंड २० सेंटिमीटर व्यासाचे असेल तर ३१४ मिलिलिटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. ते हळूहळू ओता. बादली ५० वेळा उलटली पाहिजे. मग झाडापासून दूर, उघड्यावर बसवा, शेजारी साधा पर्जन्यमापक ठेवा आणि रोज सकाळी दोन्ही आकडे वहीत लिहा. मुंग्या, कचरा, पाखरांची घाण यांनी नरसाळे तुंबते. हे प्रयोगशाळेत कळत नाही, वावरात कळते.

हा आकडा सरकार लगेच मान्य करील, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याच्यापाशी वही नाही त्याला मंडळाच्या आकड्यावर प्रश्नही विचारता येत नाही.

तेव्हा भावांनो, प्रोजेक्टचे पैसे जरूर द्या. देताना एवढेच विचारा : हे नेमके काय मोजणार, बरोबर मोजले हे कशावरून, आणि पोळ्यापर्यंत वावरात टिकणार का? ज्या पोराला ही तीन उत्तरे देता येतील, त्याला कुठल्याही परीक्षकाची भीती नाही.