धोरणाच्या दारात यंत्रमाग

महाराष्ट्राचं स्टार्टअप धोरण 2018 मध्ये आलं. स्टार्टअप सप्ताहात निवड झाली की सरकारी खात्यात प्रयोग करायला कार्यादेश मिळतो. योजना चांगलीच आहे. पण आत शिरायला केंद्राची स्टार्टअप मान्यता लागते, आणि एकल मालकीच्या धंद्याला ती मिळत नाही. मालेगाव-भिवंडीतला छोटा यंत्रमागवाला बहुतेक वेळा तसाच धंदा करतो. त्याच्या मिस्त्रीने जुन्या मागात केलेली सुधारणा कितीही कामाची असो, सरकारी कागदावर तिला जागा नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं सोपं असतं. दोन मित्र, दोन लॅपटॉप, एक एलएलपी, झालं!

धोरण बदलायची मागणी करूच. मागवाल्याने खेटे घालण्याऐवजी जिल्हा उद्योग केंद्राच्या माणसाने महिन्यातून एकदा कारखान्यात येऊन बसावं, हीसुद्धा. पण तोवर गावातल्या सीए आणि इंजिनियर झालेल्या मुलामुलींनी ईदच्या सुट्टीत एक काम करावं. मिस्त्री आणि मागवाला यांची एलएलपी नोंदवून द्यावी. जुन्याच धंद्याची फोड चालत नाही, एलएलपी खरोखर नवी हवी. मान्यतेच्या अर्जाला शुल्क नाही.