लॅपटॉप बदलला, ‘क’ कुठे गेला?

मी पहिला लॅपटॉप घेतला तेव्हा विंडोज सोडून लिनक्स ही प्रणाली घेतली. ती विनामूल्य मिळते आणि तिची आतली रचना कोणालाही पाहता येते. भौतिकशास्त्र शिकविणाऱ्याला आणखी काय हवे! पण परभणीच्या एका दुकानातून टंकून घेतलेली माझी मराठी टिपणे उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला.

असे का झाले? संगणक अक्षर साठवीत नाही, त्याचा क्रमांक साठवितो. कृतिदेव या टंकात ‘क’साठी इंग्रजी लहान ‘डी’चा क्रमांक, म्हणजे १००, वापरलेला असतो. तो टंक यंत्रात नसला की ‘क’ जातो, ‘डी’ उरतो. म्हणजे दोष लिनक्सचा नव्हता. टंक नसलेल्या विंडोजवरही हेच घडले असते. युनिकोडमध्ये मात्र ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, आणि तो विंडोज, लिनक्स, मोबाइल, सर्वत्र एकच.

म्हणून प्रणाली खुशाल बदला, पण मराठी युनिकोडमध्येच लिहा. इन्स्क्रिप्ट कळफलक शिका. दोन्ही प्रणालींत ‘क’ इंग्रजी ‘के’च्याच कळीवर सापडेल. शिक्षकांनीही जुन्या प्रश्नपत्रिका आताच रूपांतरित करून घ्याव्यात. मात्र नंतर डोळ्यांनी तपासा. जुन्या टंकात ‘कि’ची वेलांटी आधी टंकतात, युनिकोडमध्ये ‘क’ आधी. ‘ऊर्जा’तला रफार तिथे शेवटी, इथे ‘ज’च्या आधी. माझ्या टिपणांत सर्वांत जास्त चुका ‘ऊर्जा’ याच शब्दात निघाल्या.